कॉफी हुंगण्याची योग्य पद्धत

कॉफी ही पिण्याची नव्हे, अनुभवण्याची गोष्ट आहे. ती ओठांआधी नाकाने घ्यावी आणि नाकाआधी मनाने. हे वाक्य आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षांचं. ते वाणिज्याचे निवृत्त प्राध्यापक होते आणि घरी चहा पीत.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत नाशिकला चाखण्याचा नाद लागला होता. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन होऊ लागली होती आणि आजवर द्राक्षाकडे आंबट की गोड एवढंच पाहणारी माणसं पेला तिरका धरून बोलू लागली होती. मंडळातल्या बहुतेकांना वाइनची घरून परवानगी नव्हती. म्हणून अध्यक्षांनी ‘कॉफी-परिक्रमा’ काढली. मिनीबसने तीन ठिकाणं हिंडायची आणि शेवटी एकाला ‘सर्वोत्तम रसिक’ म्हणून प्रशस्तिपत्र द्यायचं.

मी आईचं नाव दिलं, पण रसिकतेसाठी नाही. त्या पावसाळ्यात तापाच्या साथीत तिचा वास गेला होता. ताप उतरला, वास परतला नाही. डॉक्टर म्हणाले, “येईल. नाहीही येणार. उग्र वास देत राहा.” हिंग झाला, कापूर झाला, मोहरीची फोडणी झाली. कॉफी उरली होती.

खरं तर कॉफीसाठीच आईचं नाव होतं. आमच्याकडे कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, भरपूर साखर, रंगापुरती कॉफी आणि जायफळ. कॉलनीत कुणाचा साखरपुडा असला की कॉफीला आईच लागे. सहाणेवर जायफळ उगाळताना ती वासावरून थांबायची. आता मला हाक मारायची, “आला का वास?” आला म्हटलं की थांबायची. मला सर्दी असली की त्या दिवशी चहा.

“कुणाला बोलायचं नाही हं,” तिने बजावलं होतं. “वास न येणाऱ्या बाईला कोण बोलावणार कॉफीला?”

पहिला थांबा रविवार कारंजाजवळचं जुनं हॉटेल. तिथली कॉफी आमच्या घरच्यासारखीच, फक्त जास्त उकळलेली. अध्यक्षांनी पद्धत समजावली: कप नाकाशी धरा, डोळे मिटा, घाई करू नका. सगळ्यांनी एकेकदा हुंगलं आणि फुर्रकन प्यायला लागले. आई तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले, कप नाकाशी, कपाळावर आठी. ती शोधत होती.

“बघा!” अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. “याला म्हणतात तल्लीनता. वहिनी, काय जाणवलं?”

आईने डोळे उघडले. “गरम आहे,” ती म्हणाली.

“वा! इतकं साधं बोलायला आयुष्य घालवावं लागतं.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते कॉफीसाठीच उघडलं होतं असं दाखवलं.

नाशिकरोडला जाताना द्वारका चौकात बस अडकली. पुढे ट्रक, बाजूला ट्रक, आत सगळा धूर. सगळ्यांचे रुमाल नाकाला. आई खिडकी उघडी ठेवून निवांत बसली होती.

“अहो, त्रास नाही होत तुम्हाला?” मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारलं.

“सवय झाली,” आई म्हणाली.

नाशिकरोडला एका दाक्षिणात्य गृहस्थांची खानावळ होती. त्यांची कॉफी पितळी वाटी-पेल्यात, वरून धार धरून ओतलेली. वास दारापर्यंत येत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी. आईने पेला नाकाशी इतका वेळ धरला की मालकच जवळ आले.

“माई, थंड झाली. दुसरी देतो. आणि ही प्यायची असते हं, पूजा नाही करायची.”

सगळे हसले. आईही हसली. पण तोपर्यंत दोन-तीन जण तिचं पाहून डोळे मिटून उभे होते.

तिसरा थांबा कॉलेज रोडवरचं नवं कॅफे. गुबगुबीत सोफे, थंडगार एसी आणि आपलं म्हणणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये एवढं मोठं संगीत. कपातल्या फेसावर चॉकलेटच्या पुडीचं पान काढलेलं. आईने पुन्हा कप उचलला. या वेळी फारच वेळ. मग माझ्याकडे झुकून म्हणाली, “काहीच नाही रे.”

मला वास येत होता. कॉफीचा, चॉकलेटचा, शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या अत्तराचासुद्धा. त्यातला चिमूटभरही तिला देता येत नव्हता. मी म्हटलं, “आई, पी. थंड होईल.” दुसरं काय म्हणणार? फेसाचं पान तिच्या नाकाच्या शेंड्याला लागलं होतं. ते मी रुमालाने पुसलं.

प्रशस्तिपत्र अर्थातच तिला मिळालं. अध्यक्ष म्हणाले की गंध कसा घ्यावा हे वहिनींकडून शिकावं. टाळ्या झाल्या. आईने दोन्ही हातांनी ते घेतलं आणि गर्दीत मला शोधलं. मीही टाळ्या वाजवत होतो. थांबलो असतो तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

घरी आलो तर शेजारच्या काकू अभिनंदनाला आल्याच; त्याही मंडळातल्या, पण परिक्रमेला आल्या नव्हत्या. आईने दूध ठेवलं आणि गॅसकडे पाठ करून त्यांना पितळी पेल्याचं सांगत बसली. दूध करपल्याचं मला कळलं, काकूंनाही कळलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग मी उठून गॅस बंद केला.

आईने मागे वळून पातेल्यात पाहिलं. “आला का वास?” तिने मला विचारलं, काकूंच्या देखत.

“आला,” मी म्हटलं.

करपलेल्या दुधाची कॉफी काकूंनी कप रिकामा होईपर्यंत प्यायली. जाताना म्हणाल्या, “धाकटीच्या साखरपुड्याला कॉफी तुमचीच हं. मी येईन जायफळ उगाळायला.”

पुढच्या वर्षीच्या परिक्रमेसाठी मंडळाने आईला परीक्षक नेमलं. ठराव काकूंनीच मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला.