सात पानांचा गुलाब

दारव्ह्याला आमच्या घरासमोर बावीस गुलाब आहेत. शाळेत नोकरीला होते तेव्हापासून एकेक करून लावत आले. लोहाऱ्याच्या रोपवाटिकेतल्या चाचांकडून कलमं आणायची, वाफ्यात बसवायची, शाळेतून आल्यावर चपला न काढताच आधी त्यांच्याकडे एक चक्कर मारायची. बाजाराच्या दिवशी ओळखीच्या बायका थांबायच्या. "बाई, आमच्या गुलाबाले कळ्याच नाही धरून राह्यल्या," म्हणायच्या, आणि मी सांगेन ते करायच्या. बहुतेक वेळा कळ्या धरायच्या. त्यामुळे गुलाबातलं आपल्याला कळतं, असं मी धरूनच चालले होते.

लेक लग्नानंतर कॅनडात गेली. तिथली पहिली काही वर्षं तिनं भाड्याच्या खोल्यांत काढली. मग त्यांनी घर घेतलं, मागं थोडी मोकळी जागा असलेलं. घर घेतल्यावर तिनं मला व्हिडिओ कॉलवर सगळ्यात आधी दाखवलं ते स्वयंपाकघर नाही, ती मागची जागा. पिवळं पडलेलं गवत आणि लाकडी कुंपण.

"आई, इथं गुलाब लावते. तुझ्यासारखे. कोणता लावू?"

मला काय आनंद झाला होता! इतक्या लांब गेलेल्या पोरीनं साडी विचारली नव्हती, पुरणाचं प्रमाण विचारलं नव्हतं. गुलाब विचारला होता. तिनं दुकानातल्या रोपांचे फोटो पाठवले. मी त्यातला मोठ्या लाल फुलाचा कलमी गुलाब निवडला, कारण त्याची काडी जाड होती आणि कळी लांब होती. मी नेहमी तसंच निवडते. तिच्या फोटोंत कोपऱ्यात काही बुटकी, काटेरी झुडपं पण होती. "थे काय आहे झुडूप, कुंपणाले लावतात तसं," असं म्हणून मी ती सोडून दिली.

कलमी गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं असतात. खाली जंगली गुलाबाचा खुंट, आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, बसवलेला. आपल्याकडं तो सांधा मातीच्या वर ठेवतात, नाहीतर पावसाळ्यात कुजतो. मी लेकीला तेच सांगितलं. "डोळा मातीत नको दाबू, चार बोटं वर ठेव." तिनं चार बोटं वर ठेवून फोटो पाठवला. उन्हाळ्यात तीन फुलं आली. तिसरं फूल तिनं केसात माळून दाखवलं.

ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात आपल्याकडं गुलाबाची छाटणी करतात, मुळांजवळची माती काढून आठवडाभर मुळं उघडी ठेवतात, मग शेणखत घालतात. मी माझ्या बावीस झाडांचं केलं आणि लेकीला म्हटलं, "तू बी करून घे."

"आई, इथं रात्री बर्फ पडून राह्यला."

"मंग तर उलट लवकर कर."

का उलट, ते आज मला विचारलं तर सांगता येणार नाही. थंडी म्हणजे माझ्या डोक्यात यवतमाळची डिसेंबरातली सकाळ होती. स्वेटर, शेगडी, आणि गुलाबाला सगळ्यात मोठी फुलं. तिनं ऐकलं. हातमोजे घालून तिनं मुळं उघडी केली आणि झाड गुडघ्याएवढं छाटलं.

त्या वर्षी थंडी शून्याच्या खाली तीसवर गेली, असं जावईबापूंनी सांगितलं. आमचे हे रोज सकाळी फोनवर तिथलं तापमान बघून मोठ्यानं वाचायचे आणि पुन्हा एकदा डोळे चोळून बघायचे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. लेकीनं फोन वाफ्याजवळ नेला. जमिनीतून तीन काळ्या काड्या वर आल्या होत्या. मी म्हटलं, नखानं साल खरवडून बघ, आत हिरवं दिसेल. तिनं खरवडलं. आत तपकिरी होतं. तिनं दुसरी काडी खरवडली, तिसरी खरवडली, मग फोन आपल्या चेहऱ्याकडं वळवून म्हणाली, "जाऊ दे आई. शेजारच्या मावशी कशा आहेत?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तिनं बागेचा विषयच काढला नाही. मी विचारलं की म्हणायची, अजून थंडीच आहे, बघू. मला कळेना की झाड गेलं ते थंडीनं, की माझ्या छाटणीनं, की डोळा वर ठेवल्यानं. आणि पोरगी गप्प आहे ती झाडामुळं, की दुसरं काही आहे, हेही कळेना. आठ हजार मैलांवर असेल किंवा किती असेल, तिथून येणारा आवाज ऐकून मी अंदाज बांधत बसायची.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी फोन लावला तर जावईबापूंनी उचलला. त्यांची तिकडं सकाळ. लेक कामावर गेली होती. मी सहज म्हटलं, "जावईबापू, वाफा दाखवता का जरा?"

ते बिचारे चहाचा कप घेऊनच मागं गेले. आणि बघते तर वाफ्यात मांडीएवढं हिरवंगार झुडूप! मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, जवळून दाखवा. पान दाखवा. देठ दाखवा. देठावर बारीक काट्यांची नुसती लव होती. पानं जाड, सुरकुतलेली. मी पानं मोजली. एका देठावर सात.

आपल्याकडं हे लहान पोरही सांगेल. चांगल्या गुलाबाला पाच पानं, खुंटाच्या जंगली फुटव्याला सात. वरचा डोळा मेला की खालचा खुंट असा माजतो. तो ठेवला तर वाफा खाऊन टाकतो. मला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी ओळखू आलं होतं.

"जावईबापू, हे जंगली आहे. खुंट फुटला आहे. जमिनीपासून कापून टाका."

"आई, नक्की कापू? तिनं तर याला..." पुढं ते काहीतरी म्हणाले, पण आवाज तुटला.

"नक्की. मी सांगते ना."

जावयानं सासूचं ऐकलं. कात्री आणली आणि कापलं. मी शेवटची फांदी पडेपर्यंत फोन धरून उभी होते. वरून म्हटलं, "आता बघा, जागा मोकळी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या करताना लेकीचा फोन आला. तिचा आवाज बारीक होता.

"आई, झाड तू कापायला लावलं?"

"थो खुंट होता बाई. जंगली."

"खुंट मी केव्हाच उपटून फेकला होता. हे मी नवीन आणलेलं होतं. इथल्या थंडीत टिकतं ते. रुगोसा म्हणतात. पानं तशीच असतात त्याची." मग ती म्हणाली, "तुले न विचारता आणलं होतं."

"काहून नाही सांगतलं मले?"

"फूल आल्यावर दाखवणार होते."

तव्यावरची पोळी जळली. फोन ठेवल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुले वाईट कायचं वाटून राह्यलं? झाड कापल्याचं की तुले विचारलं नाही त्याचं?" मी त्यांच्यावरच ओरडले. नंतर भांडी घासताना तोच प्रश्न मी स्वतःला विचारला. थोडं हे, थोडं ते. कधी एक जास्त वाटे, कधी दुसरं.

दोन दिवसांनी मी बसनं यवतमाळला आणि तिथून ऑटोनं लोहाऱ्याला गेले. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर चाचांची रोपवाटिका आहे. चाचा आता थकलेत, पण कलमाचे डोळे बांधायला अजून स्वतः बसतात. मांडीवर गोणपाट, हातात चाकू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या. मी स्टुलावर बसून सगळी हकीकत सांगितली. लेकीनं आदल्या दिवशी पाठवलेला, कापण्याआधीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्याजवळ नेला.

"माशाअल्ला, काय रोप होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "बाई, हे तुम्ही कापलं?"

"सात पानं होती चाचा."

"सात पानं आपल्या खुंटाले. तिथचा गुलाब अलग असंल. मी तं बर्फ टीव्हीवर पाह्यला." त्यांनी चाकू खाली ठेवला. "माझी उमर उन्हापासून झाड वाचवण्यात गेली. हिरवी जाळी बांधली, मुळाले ओल राहावी म्हणून माठ पुरले. थंडीनं झाड मरते, हे मले समजतच नाही. थंडीत तं आपला धंदा चालते."

"मंग मी काय सांगू तिले?"

"एक गोष्ट विचारा. हे डोळा बांधलेलं हाये, का स्वतःच्या मुळावर?"

"त्यानं काय होते?"

"स्वतःच्या मुळावर असंल तं खाली-वर एकच झाड. कापलं तरी तेच येते. बांधलेलं असंल तं..." त्यांनी हात झटकला. "आन् शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आंगणात कोनता गुलाब बिना देखभालीचा उभा हाये, तेही पाहाले सांगा. तोच लावायचा. मी बी तसंच करतो."

तेव्हा तिकडं सगळे झोपलेले असणार म्हणून मी लगेच फोन केला नाही. बसमध्ये दारव्ह्यापर्यंत मी शब्द जुळवत आले. माफी मागावी, तर ती म्हणेल त्यात काय आई. न मागावी, तर मनाला पटत नव्हतं. संध्याकाळी फोन लागला तेव्हा मी एकदम विचारलं, "डोळा बांधलेला आहे का स्वतःच्या मुळावरचा?"

ती गोंधळली. मग आत जाऊन कुठल्यातरी खणातून रोपाची चिठ्ठी शोधून आणली आणि इंग्रजी वाचून मला मराठीत सांगितलं. स्वतःच्या मुळावरचा. "म्हणून तर घेतला आई. वरून थंडीनं जळला तरी खालून तोच फुटतो."

"चाचा बी तेच म्हणाले. मंग येईल. थांब जराशी."

"मी थांबूनच आहे," ती म्हणाली. हे ती झाडाबद्दल म्हणाली असावी.

मग मी सांगून टाकलं की डोळा वर ठेवायला मी सांगितलं ते चुकलं, मुळं उघडी करायला सांगितलं तेही चुकलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. ऑक्टोबरमध्येच माहीत होतं. शेजारची आजी कुंपणावरून ओरडून सांगत होती की झाकून ठेव, माती चढव."

"मंग काहून केलं माझ्या मनासारखं?"

"तू सांगतलं म्हणून."

मला यावर आनंद व्हावा की रडू यावं, कळलं नाही. दोन्ही झालं नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी त्या आजीचं ऐक," आणि ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसू ऐकलं.

ऑगस्टमध्ये बुंध्यातून फुटवे आले. सात पानांचे. त्या हिवाळ्यात तिनं काहीच छाटलं नाही. आजीच्या सांगण्यावरून फक्त वाळकी पानं बुडाशी टाकली आणि वर बर्फ पडू दिला. बर्फ अंगावर असला की झाडाला ऊब राहते म्हणे. हे मी ह्यांना दोनदा समजावून सांगितलं, आणि सांगताना मलाच समजलं नाही. पुढच्या जूनमध्ये फुलं आली. तिनं पळत जाऊन दाखवली. गुलाबी, पाच पाकळ्यांची, मधे पिवळं, अगदी सपाट. मी बघत राहिले. हा गुलाब? माझ्या वाफ्यात असा आला असता तर मी दुसऱ्या दिवशी उपटला असता.

"छान आहे ना?"

"छान आहे," मी म्हटलं.

"खरं सांग."

"मले समजून नाही राह्यलं बाई. वास आहे का?"

"लई वास आहे. घरभर येते." तिनं फूल फोनला लावलं, आणि मी, वेडी, खरंच नाक पुढं केलं.

गेल्या डिसेंबरात दोघं दारव्ह्याला आले. तिनं त्या झाडाची वाळवलेली फळं आणली होती, बोराएवढी, लालसर. तिथं त्यांचा चहा करतात. आम्ही केला. ह्यांनी एक घोट घेतला आणि साखरेचा डबा मागितला. काही फळं उरली, त्यातल्या बिया काढून लेक म्हणाली, "यांना आधी थंडी लागते, मगच उगवतात. ओल्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेव."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी लोहाऱ्याला गेलो. चाचांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या मोबाईलमधली बर्फातली झाडं एकेक करून बघितली. मी विचारलं, "चाचा, आपल्या मे महिन्यात जगंल का हे?"

"मरंल," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "नाही बी मरंल. मले काय माहीत?"

लेक परत गेली. बिया फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागं आहेत. त्या किती दिवस ठेवायच्या, हे तिला विचारायचं मी रोज विसरते, आणि आठवलं की तिकडं मध्यरात्र झालेली असते.