दुसरी वाटी

नागपुरात प्रताप नगरच्या मिठाईच्या दुकानात आज संत्रा बर्फीचा ताजा वास आला आणि मला जर्मनीतलं माझं डोहाळजेवण आठवलं. सातवा महिना होता. आठ-दहा मराठी मैत्रिणी जमल्या होत्या आणि सगळा कारभार वर्षाताईच्या हातात होता. तीही माझ्यासारखी मूळची नागपूरचीच.

माझ्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावी उघडली. आईनं पाठवलेली संत्रा बर्फी! मला हसू फुटलं, कारण मुलगी आहे हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आधीच सांगितलं होतं.

वर्षाताईनं ती वाटी लगेच झाकली. "हे मोजायचं नाही. तुले पेढाच पाहिजे. उघड दुसरी."

"पण बर्फी आली ना," मी पुटपुटले.

"काहून वं, लाजून राहिली काय? उघड!"

सगळ्या हसल्या. मी दुसरी वाटी उघडली. टाळ्या वाजल्या, पेढा माझ्या तोंडात कोंबला गेला आणि मी तो मुकाट्यानं गिळला. तेव्हा मी त्याला भिडस्तपणा म्हटलं. आज वाटतं, मी माझ्या लेकीला लपवलं.

बाळंतपणानंतर वर्षाताई दवाखान्यात आली. पाळण्यात डोकावून म्हणाली, "जाऊ दे वं, पुढच्या वेळी पाहू."

मी नर्सकडे वळले आणि जर्मनमध्ये म्हटलं, "या बाईंना बाहेर न्या." मराठीत ते मला तेव्हाही जमलं नसतं.