ऐब आधी सांगणारी शांताक्का

येडशीच्या शांताक्काकडं सोयरिकीसाठी जायचं म्हणजे छातीत दम असावा लागायचा. बाकीचे मध्यस्थ मुलाचे गुण गातच घरात शिरतात. ही उंबरठ्यावरच म्हणायची, "ऐब आधी ऐका. गुण मागनं सांगते." पोरगी घोरते, पोरगा उधळ्या आहे, सासू कजाग आहे, सगळं दोन्ही घरांना तोंडावर. लोक चिडायचे, पण घरात मुलगी लग्नाची झाली की गुपचूप तिच्याच दारात यायचे. तिनं जुळवलेलं लग्न मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तिचं स्वतःचं लग्न मात्र झाकून झालं होतं. नवऱ्याला फेफरं येतं, हे तिला हळद उतरल्यावर कळलं. तिसऱ्या वर्षी पाणी शेंदताना फेफरं येऊन तो विहिरीत गेला. "माणूस लई गुणाचा हुता," ती सांगायची. "आधी सांगितलं असतं तरी म्या लगीन केलंच असतं. पर मग त्याला एकट्याला हिरीवर जाऊ दिलं नसतं." हे ऐकल्यापासून तिच्या तोंडाळपणाचा मला कधी राग आला नाही. एकदाच आला, तो माझ्यावर शेकला तेव्हा.

मी येडशी स्टेशनात तिकीटबाबू. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं आणि क्रिकेटचं वेड होतं. निजामाचं राज्य जाऊन चार महिने झाले होते आणि छोट्या गाडीतून मुंबईचं वर्तमानपत्र शिळं का होईना, पण येत होतं. एकोणपन्नासच्या जानेवारीत त्यात वेस्ट इंडीजचे आकडे शोधताना कोपऱ्यात एक बातमी दिसली. ऑस्ट्रेलियाच्या बायकांनी आपल्या देशात आलेल्या इंग्लंडच्या बायकांना कसोटीत एकशे शहाऐंशी धावांनी हरवलं होतं. लातूरच्या गाडीसाठी बसलेल्या शांताक्काला मी गंमत म्हणून ती वाचून दाखवली.

ती हसली नाही. पदर सावरून म्हणाली, "बायांचं दोन संघ? मग ऐब सांग दोन्हींचं."

मी सांगितलं, की इंग्लंडच्या सगळ्या जणी पहिल्या डावात बहात्तर धावांत गारद झाल्या. तिकडं ऑस्ट्रेलियाच्या एकाच बाईनं शंभराच्या वर धावा केल्या आणि वर सहा जणींना तिनंच बाद केलं.

"म्हंजे त्या घरात एकच सून राबती," शांताक्का म्हणाली. "ती हाय तवर घर सोन्याचं. तिचा हात आखडला की चूल गार. आन् ह्या इंग्लंडच्या बोटीनं आल्यात नव्हं? पाणी परकं, ऊन परकं. नव्या सुना पहिल्या आठवड्यात भाकरी करपवत्यातच. आता रुळतील. आनखी किती खेळायच्या?"

"दोन सामने."

"हरणार न्हाईत. जिंकणार बी न्हाईत."

दहा वर्षं क्रिकेट वाचणारा मी, आणि ही मला शिकवणार! मी तोऱ्यात म्हणालो, "त्यांच्यात एक डावखुरी गोलंदाज आहे अक्का. काही केलं तर तीच करील. डाव्या हाताचा चेंडू उलट्या बाजूनं येतो, भल्याभल्यांना उमगत नाही. डावखुरी म्हणजे संघाचं सोनं!"

"सोनं म्हंतोस? मग बेंबळीच्या ईरण्णाची शिवगंगा बघ. ऐब आधी ऐक, पोरगी डावखुरी हाय. रानातल्या माळ्यावर उभी ऱ्हाऊन डाव्या हातानं गोफण फिरवती, कणसावर पाखरू टिकत न्हाय. तीन घरांनी ह्याच्यापायी नाकारली. चौथ्यानं नाकारली तर ईरण्णा तिला चाळिशीच्या बिजवराला देणार हाय."

माझा तोरा उतरला. डाव्या हातानं वाढणारी सून आईनं घरात घेतली असती होय! मी पुटपुटलो, "मैदानात ठीक आहे अक्का. घरात कसं चालेल?"

"साकु!" ती कडाडली. चिडली की तिचं कानडी बाहेर यायचं, आणि पुरे म्हणजे पुरेच. "दोन्ही सामनं बरोबरीत सुटलं तर पोरगी बघाया यायचं. न्हाय सुटलं तर तुझ्या दारात पुन्यांदा येनार न्हाय. कबूल?"

मी हसत कबूल केलं. उरलेल्या दोनांतला पहिला सामना बरोबरीत सुटला, तेव्हा नशीब म्हणालो. दुसरा सुटल्याचं वाचलं आणि तो कागद चार घड्या घालून गल्ल्याखाली सारला. तीन दिवस तो तिथंच होता. चौथ्या दिवशी शांताक्का खिडकीशी आली. "पेपर आला व्हय रं?" तिच्या तोंडाकडं बघून खोटं बोलवेना.

मग आईला बैलगाडीत घालून आम्ही बेंबळीला गेलो. ईरण्णांच्या ओसरीवर शांताक्कानं माझे ऐब मोजले. बोलतो फार, आईला भितो, क्रिकेट सोडून कशातच लक्ष नाही. तेवढ्यात शिवगंगा चहा घेऊन आली. तिनं उजव्या हातानं कप पुढं केला, तो कलंडला आणि अर्धा चहा माझ्या धोतरावर सांडला.

"डाव्या हातानं दे," शांताक्का म्हणाली.

आई दचकली. "अवो, शुभकार्यात डावा हात?"

"वैनी, रोज सकाळी पूजेला लिंग कंच्या तळहातावर घेता?"

आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्याच तळहातावर घेऊन पुजणारे. आईनं नकळत आपला डावा तळवा मांडीवर उघडला आणि त्याकडं बघितलं. शिवगंगानं दुसरा कप डाव्या हातानं दिला. चहा जरासुद्धा हिंदकळला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

कप देऊन ती आत गेली नाही. "अक्कांनी समदं सांगितलंय मला," ती म्हणाली. "ते सामनं बरोबरीत सुटलं नसतं, तर तुम्ही आला असता का?"

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नसतो आलो," मी म्हणालो. "सुटल्याचं कळल्यावरसुद्धा तीन दिवस पेपर लपवून ठेवला होता."

ईरण्णा उगाच खाकरले. आईनं डोळे मिटले. शांताक्कानं मात्र कप खाली ठेवला आणि मांडी घालून नीट बसली. "हा ऐब मला बी ठावा नव्हता. ह्यानं आपल्या तोंडानं सांगितला. आता गुण सांगते, ऐका."

"ऱ्हाऊ द्या अक्का," शिवगंगा म्हणाली. "गुण माझं मी बघून घेईन."

त्याला आता तीस वर्षं होतील. अजून बघतेच आहे.