दांडीवरच्या कुंड्या

सृष्टीतले सगळे जीव एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदू शकतात, असं आमच्या तुळिंजच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर झेंडावंदनाला सांगत. त्यांच्या घरात मात्र सगळ्या कुंड्या कपडे वाळत घालायच्या दांडीला, थेट छताशी टांगलेल्या असत, कारण खाली चिंगी मांजर फिरत असे. "पानं विषारी असतात. म्हणजे बघा, मुकं जनावर, सांगणार कुणाला?"

एका दुपारी पाणी घालायला त्यांनी दोरी सैल करून दांडी खाली घेतली, तर एक रुंद पान अर्धंच उरलेलं. चिंगीचा पत्ता नाही. त्यांची हाक ऐकून मी समोरच्या दारातून धावलो. "किती भिनलं असेल हो तिला?" म्हणत उरलेलं पान त्यांनी स्वतःच चावून पाहिलं.

जीभ सुजली, लाळ गळू लागली, शब्द फुटेना. रिक्षात मला वाटलं, हे आता जातात. एका हाताने त्यांनी माझं मनगट आवळलं होतं आणि दुसऱ्या हाताने ते मला मांजराएवढी उंची दाखवत होते.

इंजेक्शननंतर सूज उतरू लागली. चिंगी आमच्याच ओट्यावर बोंबील खाताना सापडली. पान अर्धं पिवळं पडलं म्हणून तेवढं त्यांच्या पत्नीने सकाळीच कात्रीने छाटलं होतं.