लोहाऱ्यातले बॅज

आमच्या कंपनीत चार जण चहाला जमले, की अपघातानंतरचे किस्से निघतातच. मी स्टोअर सांभाळते आणि बॅज वाटायचं कामही माझंच, म्हणून जास्त किस्से माझ्याच वाट्याला!

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आम्ही लोखंडी पाइपांचे जोड तपासतो. किरणोत्सारी कॅमेऱ्याने जोडाच्या आतला फोटो निघतो. एकदा त्या कॅमेऱ्यातला दाण्याएवढा तुकडा बाहेर पडला. आमच्या देवरावभाऊंनी तो उचलून खिशात टाकला. दीड महिन्यात माणूस गेला.

लायसन्स थांबलं, काम बंद झालं, कॅमेरा मुंबईला गेला. मग नियम आले. प्रत्येकाच्या छातीवर बॅज. अंगावर किती किरण पडले, ते त्यात नोंदलं जातं. तीन महिने सगळ्या अकरा जणांचं रीडिंग शून्य आलं, तरच लायसन्स परत!

*

खंडेनवमीला आम्ही अवजारांसोबत बॅजनाही हळदकुंकू लावलं. बॅज वाचणाऱ्या मुंबईच्या तपासणीवाल्यांचा फोन आला, "हा लाल डाग कसला? रसायन सांडलं का?"

"नाही जी, पूजा केली."

मग उत्तर आलं, "पूजा जरा दुरून करत जा!"

*

कॅमेऱ्याच्या रिकाम्या खोलीत नवी घंटा बसवली. किरण वाढले की वाजणार. एका दुपारी ती वाजली! आम्ही सगळे चपला सोडून गेटबाहेर.

वायरमन तासभर आत होता. बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही, वायरीत पाल घुसली असन."

"दिसली काय?"

"नाही," म्हणाला, आणि पाणी मागितलं.

*

मॉक ड्रिल झाली. सगळे कडुलिंबाखाली उभे. हजेरीत अकरा, सुपरवायझरनी मोजले तर बारा! परत मोजले, बारा.

"चहावालाही धरला असन तुम्ही!" कोणीतरी म्हणालं.

चहावाला त्या दिवशी बाभुळगावला साळ्याच्या लग्नाला गेलता.

*

पहिल्या तीन महिन्यांत कुसुममावशींचं रीडिंग आलं. झाडू मारणारी बाई, खोलीत पायही ठेवत नाही!

"मावशी, बॅज कुठं होता?"

"यायच्या सदऱ्याले लावला होता," नवऱ्याचं नाव न घेता मावशी म्हणाल्या. "घाटंजीले एक्सरे होता यायचा. मले वाटलं, बॅज लावला म्हंजे किरण लागत नाही!"

लायसन्स तीन महिने पुढं गेलं. आठवडाभर मावशींशी कोणी बोललं नाही.

*

पुढचा रिपोर्ट घेऊन अधिकारी स्वतःच आले. दहा बॅज शून्य. अकराव्यावर रीडिंग होतं. तो शोभाचा, देवरावभाऊंच्या बायकोचा. त्यांच्या जागेवर ती लागली, गेटवर नोंदी करते.

"बाई, खोलीत गेल्या होत्या?"

"नाही साहेब."

"दवाखान्यात? घरी कोणाचा एक्सरे?"

"घरी मी एकटीच हावो जी."

"मग बॅज घरी नेता?"

"रोज नेतो."

"ठेवता कुठे?"

आम्ही सगळे साहेबांच्या हातातल्या पेनाकडे पाहत होतो. शोभानं पदर सावरला.

"यायच्या फोटोले लावतो जी. यायच्या वेळेस बॅज भेटले नव्हते ना."