झाकण उचलून बघणारी बाई

इंदूबाई गेल्याचं पत्र पुलगावहून आलं, तेव्हा तिला जाऊन सहा दिवस झाले होते. पत्र तिच्या शेजारणीचं होतं. पत्र येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच मी तिच्या खोलीवर जेवून आले होते. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. "तू बस नर्सबाई, मी मांगून जेवीन," असं म्हणून तिनं मला एकटीलाच वाढलं. मी बसले, दुसऱ्यांदा भाजीही मागितली आणि चारच्या गाडीनं परत आले... एवढीच आमची शेवटची भेट. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं, असं तेव्हा वाटलं.

आमची ओळख एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. केळझरजवळच्या एका लहानशा प्रसूती केंद्रात मी नवी नर्स होते आणि ती सेविका. गरोदर बायकांनी काय खावं, हे गावोगाव जाऊन सांगायचं तिचं काम. केंद्राच्या भिंतीवर आहाराचा तक्ता होता : दूध, पालेभाजी, डाळ, मोड आलेली कडधान्यं. मी तो येईल त्या बाईला वाचून दाखवायची, बाई मान डोलवायची आणि दोघी मोकळ्या व्हायचो. इंदूबाई त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नसे. पुरुषांची आणि पोरांची जेवणं उरकली की ती बरोबर त्या वेळेला घरात शिरायची, पाणी मागायची आणि थेट चुलीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलायची. तळाशी जे उरलेलं असे, तेच सुनेचं जेवण. "काय खा, हे तिले काऊन सांगता? पातेल्यात काय हाय थे पाहा," असं मला सुनवायची. बायका तिला भोचक म्हणत. खरं सांगायचं तर मीही म्हणायची.

गिरजाची गोष्ट त्याच काळातली. वीस-एकवीस वर्षांची पोर, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. आधीची दोन लेकरं मूठभर वजनाची जन्मली आणि आठवड्याच्या आत गेली. आता पाचवा महिना, आणि तिचे हात काडीसारखे. इंदूबाईनं तिच्या सासूला, सखूबाईला, सांगितलं की स्वयंपाक झाला की आधी लेकराचा वाटा बाजूला काढायचा आणि तो सुनेनं खायचा. तिला वाटलं, नातवासाठी तरी म्हातारी काढेल. पण तिथंच तिचं चुकलं. सखूबाईचा चेहराच उतरला. "जन्माच्या आधी लेकराच्या नावानं काई काढत नसते बाई. दोन गेले, आता तिसऱ्याच्या वाईटावर काऊन उठली तू?" असं म्हणून तिनं आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. पुढचे पंधरा दिवस त्या घराचं दार आम्हाला बंद होतं.

मग इंदूबाई एक चिठ्ठी लिहून घेऊन आली आणि माझ्यापुढे सहीला धरली. सखूबाईंना अशक्तपणा आहे, घरच्यांच्या आधी त्यांच्यासाठी दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर फुटाणे काढून ठेवावे. मी भडकले. सखूबाईला तपासलेलं नाही, खोटं कसं लिहायचं?

"खोटं काय त्यात? थे म्हातारी जेवून राह्यली का? तेबी उपाशीच हाय."

मी सही केली. ती चिठ्ठी सखूबाईच्या नवऱ्यानं मोठ्यानं वाचली, आणि केंद्राचा शिक्का पाहून मान्य केली. झालं काय, तर पहिले आठ दिवस सगळं सखूबाईनंच खाल्लं. मी म्हटलं, बघ, झाली ना फजिती. इंदूबाई शांत. "खाऊ दे तिले. लगन झाल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवून राह्यली." नवव्या की दहाव्या दिवशी आम्ही गेलो, तर चुलीपाशी सासू-सून एका ताटात बसल्या होत्या. आम्हाला पाहून सखूबाई ओशाळली. "येवढं मले एकटीले जात नाई," म्हणाली आणि भाकरीचा मोठा तुकडा गिरजाकडे सरकवला. गिरजाला मुलगी झाली, चांगली रडकी. आठवडा गेला, महिना गेला, मुलगी राहिली. त्या दिवशी इंदूबाई केंद्राच्या पायरीवर बसून रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

पत्र आल्यावर मी पुलगावला गेले. शेजारीण सांगत होती. बाई एकाच वेळचं रांधायच्या, तेही एकटीपुरतं. "तुमी गेल्यावर पाणी पेल्या अन् झोपल्या. म्या म्हटलं, भाकर आणू काय? तं म्हणे, नाई, नर्सबाई पोटभर जेवली." एका जेवणानं माणूस जात नाही, एवढं नर्सला कळतं. पण इतकी वर्षं जिच्यासोबत घराघरांत फिरले, तिच्याच घरचं झाकण उचलायचं मला सुचलं नाही. राग येतो... तिचाही आणि माझाही.

फळीवर तिचं पातेलं होतं, घासून पालथं घातलेलं, बाजूला झाकण. शेजारीण म्हणाली, न्या. ते आता आमच्याकडे आहे, सून त्यातच भाजी करते. जेवायला बसण्याआधी मी उठते आणि झाकण उचलते. सून वैतागते. "आहे हो आई माझ्यापुरतं," म्हणते.

मी तरी बघते.