राजाची एक उडी

बायपासच्या दिवशी सकाळी गाऊन घालून मला पलंगावर बसवलं, तेव्हा सर्जनशी मी शेवटची घासाघीस करून पाहिली. महिनाभर गोळ्यांवर भागवू म्हटलं. इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये दुकान काढल्यापासून एकाही घाऊक व्यापाऱ्याचा पहिला भाव मी मान्य केलेला नाही. हा गृहस्थ एक दिवसही सोडेना.

तो गेला. मांडीवर एका इटालियन बुद्धिबळपटूचं चरित्र होतं. चारशे वर्षांपूर्वीचा, गरीब घरचा. खेळाच्या जोरावर दरबार गाठले, डाव स्वतः लिहून श्रीमंतांना दिले. वाटेत लुटला गेला, पुन्हा उभा राहिला. माझ्या जातकुळीचा माणूस. शेवटी समुद्र ओलांडून अमेरिकेजवळच्या बेटांवर गेला आणि तिथेच वारला. उशाशी कोण होतं, याबद्दल पुस्तकात अक्षर नाही. मी तेच पान उघडून बसलो होतो.

तेवढ्यात मुलगी आली, फ्रीमाँटहून विमानाने. दिवाळीच्या फोनपलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"बाबा, आर यू स्केअर्ड?"

"दुमडलेलं पान वाच आधी."

तिने वाचलं. त्या काळी युरोपात गावोगाव नियम वेगळे होते. काही ठिकाणी राजाला एकदा उडी घेता यायची.

"ओ माय गॉड! अजून तेच? आय वॉज नाइन!"

"पण आवाज केवढा! 'माय डॅड डझन्ट नो चेस.' स्पर्धेला जमलेली शाळेची सगळी जिम ऐकत होती."

"पंच हसले मला! तू शिकवलंस म्हणून मी राजा घोड्यासारखा उडवला!"

आमच्या गावी तसंच खेळत. डावात एकदाच उडी, तीही राजाला शह बसायच्या आधी. अमेरिकेतल्या स्पर्धेत ती चालत नाही, हे मला कोण सांगणार? त्या दिवसानंतर ती माझ्यासमोर पटावर बसली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

आता तिने पर्समधून आमचा जुना चुंबकाचा पट काढला. मी पहिलं प्यादं पुढे सरकवलं. थोड्याच वेळात तिने शह दिला.

"घे तुझी उडी."

"शह बसला की उडी गेली."

"मी देतेय ना, यार."

"फुकटचं घेत नाही मी."

दार उघडलं. दोघं स्ट्रेचर घेऊन आले.

"डाव असाच ठेवायचा," मी म्हटलं. "एक मोहरा हलवायचा नाही. खेळी माझी आहे."

"डील." तिने पट छातीशी आडवा धरला आणि दारापर्यंत सोबत चालली.

पुढे छतावरचे दिवे सरकत राहिले. तोंडावर मास्क आला. राजाला एकच घर मोकळं होतं, हत्तीच्या शेजारचं. मी ते मनात घट्ट धरून ठेवलं.